हप्त्याची तारीख आणि हिंगणघाटचा कापूस

आजचा भाग एका प्रश्नावरून सुचला. माझा चुलतभाऊ वडनेरहून हिंगणघाटला कॉलेजात जातो, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. बचत, विमा, गुंतवणूक असा एक विषय त्याला आहे. परवा पुस्तक माझ्यापुढे टाकून म्हणाला, "दादा, यात सगळं दर महिन्याचं लिहिलं आहे. आपल्या घरी पैसा कापूस विकल्यावरच येते नं!"

मला हसू आलं, कारण हीच ठेच मलाही लागली होती. कॉलेजात असताना मी महिन्याची एसआयपी सुरू केली. जूनमध्ये बी-बियाणं आणि खतात खातं रिकामं झालं. हप्ता परत गेला, वर बँकेने दंड कापला. तेव्हा वाटलं, आपल्याला शिस्त नाही. पुढे इतिहास वाचला तेव्हा कळलं, पैसा येण्याची आणि देण्याची तारीख न जुळणं हे जुनं दुखणं आहे. त्यातली एक मोठी गोष्ट तर थेट कापसाची आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून त्यांची नजर भारताकडे वळली. आपल्या भागातला कापूस तेव्हा 'हिंगणघाट' याच नावाने परदेशी बाजारात ओळखला जायचा. नागपूरपर्यंत रेल्वे आली ती १८६७ मध्ये. त्याआधी माल बैलगाड्यांवर निघायचा. भाव चढत गेले आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला.

त्या पैशातून रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातलं सगळ्यात मोठं नाव. मुंबईचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला. पण शेअर घेणाऱ्या अनेकांकडे रोख नव्हती. सौदे वायद्याचे होते, म्हणजे शेअर आज ठरवायचा आणि पैसे १ जुलै १८६५ ला द्यायचे. तोपर्यंत भाव वाढलेला असेल, पैसा हातात असेल, असा हिशेब.

एप्रिलमध्ये युद्ध संपत आलं आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै मात्र ठरल्या दिवशीच उजाडला. घेणाऱ्याकडे पैसे नाहीत, म्हणून विकणाऱ्याचेही अडकले. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांवर गेला होता, त्याला ८७ रुपयेही मुश्किलीने मिळू लागले. पुढे ती बँकच गुंडाळावी लागली.

लोभ होताच. पण मला त्यात दुसरी चूक जास्त मोठी वाटते. देण्याची तारीख पक्की होती, येण्याची नव्हती.

शेतकऱ्याचं तर आयुष्यच या फरकावर चालतं. १९७२ मध्ये महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. हमी भाव मिळाला, व्यापाऱ्याची मनमानी थांबावी हा हेतू होता. पण घरातल्या जुन्या माणसांना विचारा, त्यांना चुकाऱ्याची वाट पाहणं आठवेल. कापूस घरातून गेलेला, पैसा यायचा, आणि दुकानदार दारात.

आता कॉलेजचं बोलू. वाणिज्य शिक्षण आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. १९४० मध्येच वर्ध्यात शिक्षा मंडळाने सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय सुरू केलं. तिथले प्राचार्य श्रीमन्नारायण यांनी १९४४ मध्ये गांधीजींच्या विचारांवर देशाची आर्थिक योजना मांडली, आणि तिच्या मध्यभागी खेडं होतं. म्हणजे गावापासून हिशेब सुरू करायची परंपरा इथलीच आहे. पगारदाराचं पुस्तक चुकीचं नाही, फक्त त्यातला महिना आपला नाही.

म्हणून भावाला मी एवढंच सांगितलं. आधी कमावत्या माणसाचा साधा मुदतीचा विमा. त्याचा हप्ता वार्षिक ठेव, आणि पॉलिसीच जानेवारीत घे, म्हणजे दरवर्षी कापूस विकल्यावर हप्ता येईल. वार्षिक हप्ता चुकला तर सवलतीचे ३० दिवस मिळतात, मासिकाला १५. मग पेरणीचा पैसा मुदत ठेवीत टाक, ती मे अखेरीस पिकेल अशी. यानंतर जे उरेल ते गुंतव. दर महिन्याला जमत नसेल तर वर्षातून एकदा. आणि हातात न आलेल्या पैशावर शेअर घेऊ नकोस, मोबाईलवर कितीही सोपं दिसलं तरी.

त्याने पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर बारा महिने लिहिले. जून-जुलैपुढे 'जाते', डिसेंबर-जानेवारीपुढे 'येते'. बाकीच्या महिन्यांचं आईला विचारून भरतो म्हणाला.

तुमच्या घरचे बारा महिने कसे आहेत? आज लिहून पाहा. भेटू पुढच्या भागात!