काँक्रीटमधील पाण्याचा हिशेब

बांधकामाच्या मिश्रणात कोणत्या पदार्थाचा किती अंश असावा, या प्रश्नाचे उत्तर मनुष्याने फार प्राचीन काळीच शोधले होते. परंतु त्या मिश्रणाला अमुक इतके बळ यावे असे आधी ठरवून, मग त्या बळाबरहुकूम घटकांचे प्रमाण काढण्याची विद्या मात्र जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात खाणीची वाळू असल्यास चुन्याच्या एका भागास तिचे तीन भाग, आणि नदीची वा समुद्राची असल्यास दोन भाग घ्यावेत, असा दंडक सांगितला असून, दुसऱ्या प्रकारच्या वाळूत भाजलेल्या विटांची चाळलेली पूड एक-तृतीयांश मिसळल्यास मिश्रण अधिक चांगले होते, असेही नमूद केले आहे. ही पूड म्हणजे आपली सुरखीच होय. आपल्याकडील अनेक किल्ल्यांवर आणि जुन्या वाड्यांच्या आवारांत चुन्याच्या घाणीचे दगडी चाक आणि त्याचा वर्तुळाकार चर आजही दिसतो. त्या घाणीत चुना, वाळू, सुरखी आणि प्रसंगी गुळाचे किंवा हिरड्याचे पाणी घालून बैलांकडून जे मिश्रण मळून घेतले जाई, त्याचे प्रमाण गवंड्याच्या घराण्यात पिढीजाद चालत आलेले असे, आणि त्याची परीक्षा कोणत्याही यंत्राने नव्हे, तर काळाने होत असे.

1824 साली लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले आणि पुढील काही दशकांत या नव्या पदार्थाने चुन्याचे स्थान हळूहळू बळकावले, तरी प्रमाण ठरविण्याचा शिरस्ता फारसा बदलला नाही. सिमेंट एक भाग, वाळू दोन भाग आणि खडी चार भाग हे प्रमाण अभियंत्यांच्या दप्तरातून थेट मुकादमाच्या तोंडी आले, आणि त्यामागे तर्क होता तो पोकळीचा. खडीच्या ढिगात सुमारे निम्मी जागा रिकामी असते, ती भरण्यास खडीच्या निम्मी वाळू लागते. वाळूतही तशीच पोकळी असल्याने ती भरण्यास वाळूच्या निम्मे सिमेंट हवे, असा हा सरळ विचार होता. तो चुकीचा नव्हता, अपुरा होता. कारण त्यात तीन पदार्थांचा हिशेब होता आणि चौथ्याचा, म्हणजे पाण्याचा, मुळीच नव्हता.

पाण्याकडे शास्त्रीय दृष्टीने प्रथम पाहणाऱ्यांत रने फेरे या फ्रेंच अभियंत्याचे नाव आदराने घेतले पाहिजे. बुलोन-स्युर-मेर येथील प्रयोगशाळेत त्याने 1890 नंतरच्या दशकात असे दाखवून दिले की मसाल्याचे बळ केवळ सिमेंटच्या राशीवर अवलंबून नसून, सिमेंटचे घनफळ हे सिमेंट, पाणी आणि हवा या तिघांच्या एकूण घनफळाच्या किती अंशाने आहे यावर, किंबहुना त्या गुणोत्तराच्या वर्गावर, अवलंबून असते. पाणी आणि कोंडलेली हवा या दोहोंना त्याने एकाच पंगतीला बसविले, कारण दोहोंच्या मागे अखेर पोकळीच उरते. अमेरिकेत फुलर आणि थॉम्पसन या अभियंत्यांनी न्यूयॉर्कच्या जेरोम पार्क जलाशयाच्या कामावरील प्रयोगांतून खडी-वाळूच्या कणांची प्रतवारी कशी असावी म्हणजे सर्वांत घट्ट मिश्रण मिळेल, याचा आलेख 1907 साली प्रसिद्ध केला.

याच सुमारास बांधकामाच्या रीतीत एक पालट घडून आला होता. पूर्वी काँक्रीट ओलसर, जवळजवळ कोरडेच, थराथराने अंथरून धुमसाने ठोकून बसवीत असत. परंतु त्यात लोखंडी सळया घालण्याची पद्धत रूढ होताच, सळयांच्या दाट जाळ्यातून वाट काढीत साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी ते प्रवाही असणे अपरिहार्य झाले, आणि अमेरिकेत तर उंच मनोऱ्यावरून पन्हळीतून काँक्रीट ओघळत सोडण्याची सोयीस्कर पद्धत निघाली. प्रवाहीपणा आणण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाणी. तेव्हा पाणी वाढत गेले आणि बळ घटत गेले. या अवस्थेत शिकागोच्या लुइस इन्स्टिट्यूटमध्ये डफ ॲब्रॅम्स याने हजारो नमुने घडवून आणि फोडून 1918 साली जो निष्कर्ष मांडला, तो या साऱ्या इतिहासाचा मध्यबिंदू आहे असे माझे मत आहे. मिश्रण साच्यात नीट बसण्याजोगे असेल, तर त्याचे बळ पाणी आणि सिमेंट यांच्या परस्पर गुणोत्तरावर ठरते, हा तो निष्कर्ष. त्याने दिलेल्या सूत्रात घनफळाने घेतलेले हे गुणोत्तर एक असता अठ्ठावीस दिवसांचे बळ दर चौरस इंचास 2000 पौंड येते, आणि तेच गुणोत्तर एक पूर्णांक दोन दशांश केले की सुमारे 1350 पौंडांवर घसरते. म्हणजे पाणी एक-पंचमांशाने वाढविले असता बळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा हातचा जातो. एका पोत्याच्या मिश्रणात अर्धा लिटर पाणी गरजेपेक्षा अधिक पडले, तर त्या पोत्यातून दोन-तीन पौंड सिमेंट काढून घेतल्याइतकेच नुकसान होते, असेही त्याने सांगितले. सिमेंटची चोरी पकडण्यासाठी गोदामावर पहारा ठेवणाऱ्या कोणत्याही कंत्राटदाराने विचार करावा असे हे वाक्य आहे.

पण ॲब्रॅम्सचे मोठेपण केवळ पाण्याला दोष देण्यात नाही. जो गवंडी घमेल्यातील घट्ट माल पाहून त्यात आणखी तांब्याभर पाणी ओततो तो अप्रामाणिक नसतो. सळयांमध्ये न शिरणारे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सच्छिद्र राहणारे काँक्रीट कोणाच्याच उपयोगाचे नाही, हे तो अनुभवाने जाणतो. म्हणून मिश्रणाची योजना दोन टोकांनी करावी लागते: इच्छित बळावरून पाणी-सिमेंटचे गुणोत्तर ठरवावयाचे, आणि तेवढ्याच पाण्यात माल हाताळण्याजोगा राहील अशी खडी-वाळूची प्रतवारी निवडावयाची.

आपल्या देशात सिमेंट प्रथम पिंपांतून विलायतेहून येई. 1914 साली पोरबंदर येथे कारखाना सुरू झाला आणि पुढे मुंबईसारख्या शहरांत सिमेंट काँक्रीटच्या इमारती वेगाने उभ्या राहू लागल्या, परंतु कामावर राज्य चालले ते एकास दोन, चार याच प्रमाणाचे आणि फर्म्याचे. पोते एक, त्यावर मोजमापाच्या लाकडी फर्म्याने वाळू आणि खडी, असा साधा हुकूम असे. त्यातील एक फसवणूक फार थोड्यांच्या ध्यानी येई. वाळूत चार-पाच टक्के ओलावा शिरला की कणांवर पाण्याचा पातळ थर बसून ते परस्परांपासून दूर सरतात, वाळू फुगते, आणि तिचे घनफळ पाव हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक वाढते. पुरती भिजली की ती पुन्हा मूळ जागेवर येते. म्हणजे पावसाळ्याच्या आरंभी तोच फर्मा तितक्याच प्रामाणिकपणे भरला तरी त्यात वाळू कमी पडते, आणि वाळूबरोबर अदृश्य पाणी मात्र मिश्रणात जाते. करारनाम्यातील प्रमाण अक्षरशः पाळले जाते आणि काँक्रीट मात्र निराळेच बनते.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय मानक संस्थेने 1953 साली काँक्रीटच्या कामाची पहिली संहिता काढली. 1964 च्या आवृत्तीत बळावरून ओळखल्या जाणाऱ्या प्रतींना, एम 150, एम 200 अशा नावांना, मान्यता मिळाली आणि 1978 मध्ये एकके बदलून त्याच परंपरेतील एम 15, एम 20 रूढ झाल्या. या शेवटच्या पालटात एक तात्त्विक उन्नती दडलेली आहे. काँक्रीटचे ठोकळे फोडून पाहिले असता त्यांची बळे कधीच एकसारखी येत नाहीत. ती एका सरासरीभोवती विखुरलेली असतात, आणि एम 20 साठी सरासरीच 20 न्यूटन दर चौरस मिलिमीटर ठेवली तर निम्मे ठोकळे 20 च्या खाली जातील. यास्तव शंभरांत पाचांहून अधिक नमुने खाली जाऊ नयेत अशा बेताने लक्ष्य वर ठेवावे लागते: या विखुरण्याचे माप असलेले प्रमाण विचलन 4 धरले, तर त्याची 1.65 पट मिळवून एम 20 साठी 26.6 न्यूटन दर चौरस मिलिमीटर हे लक्ष्य येते. 1982 साली निघालेल्या मिश्रणयोजनेच्या स्वतंत्र मार्गदर्शिकेत हाच हिशेब पायाभूत होता. ज्या कामावर देखरेख ढिली, तिथे विखुरणे मोठे, लक्ष्य उंच आणि सिमेंट अधिक. निष्काळजीपणाची किंमत रोख पोत्यांत मोजून देण्याची अशी न्याय्य तजवीज मला अन्य कोणत्याही संहितेत आढळलेली नाही.

जुने प्रमाण त्यानंतरही हद्दपार झालेले नाही. लहान घरे आणि गावोगावची किरकोळ कामे यांसाठी 2000 सालच्या संहितेने एम 20 पर्यंत ठोकळ प्रमाणाची मुभा कायम ठेवली; परंतु त्या कोष्टकात खडी-वाळूच्या वजनाशेजारी आता एक स्वतंत्र रकाना आहे, आणि त्यात 50 किलोच्या पोत्यास एम 15 साठी 32 लिटर व एम 20 साठी 30 लिटर, याहून अधिक पाणी घालू नये, अशी मर्यादा छापलेली आहे.