कुरकुर थांबली म्हणजे काय झालं?

आता २००६ सालाकडे येऊ. डेबियन ही लिनक्सवर चालणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्यातल्या ओपनएसएसएलवर, म्हणजे गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, व्हॅलग्रिंड हे तपासणीचं साधन सारखं कुरकुरत होतं: मेमरीत काही भरायच्या आधीच ती वाचली जातेय. देखभाल करणाऱ्यानं मूळ विकासकांना विचारलं. डीबगिंगला मदत होत असेल तर काढा, अशा अर्थाचं उत्तर आलं. त्यानं दोन ओळी काढल्या. कुरकुर थांबली.

आपले नैयायिक काय म्हणतात? धूर दिसला तर अग्नी आहे म्हणा. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. तापलेला लोखंडी गोळा आठवा.

इथे तेच झालं. एक ओळ निरुपद्रवी होती, पण दुसरीतूनच यदृच्छेचा सगळा कच्चा माल आत जात होता. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, जास्तीत जास्त ३२,७६८! एका जातीच्या यंत्रावर, एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्ल्या तेवढ्याच. कुणीही त्यांची यादी करून बसावं. त्या एकट्या माणसाला दोष देणं आपल्याला पटत नाही. कोड सगळ्यांसमोर उघडा होता. लुसियानो बेलो यांना दोष सापडला आणि मे २००८ मध्ये तो जाहीर झाला. नुसतं पॅकेज बदलून भागलं नाही. मधल्या काळात डेबियन-उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या जिथे जिथे गेल्या, तिथून त्या शोधून काढून नव्या कराव्या लागल्या.