पळणारा थोर की पकडणारा?

मैदानावर जितके गडी खेळतात त्यांच्या कितीतरी पटींनी अधिक गडी मैदानाबाहेर खेळत असतात. अमक्यास मागे का ठेवले, तमक्यास आधीच का उतरविले नाही, हा वाद सामना संपला की सुरू होतो आणि पुढील सामन्यापर्यंत पुरून उरतो. रिकामटेकड्यांची करमणूक म्हणून त्याची संभावना करणारे पुष्कळ आहेत. परंतु क्रीडेचा इतिहास चाळला असता असे दिसते की, ह्या वादात प्रेक्षकांची बाजू पुष्कळदा खरी ठरली आहे. आणि जेथे ती खरी ठरली नाही तेथेही वादाने खेळाचे एखादे मर्म उघडे केले आहे.

हॉकीचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १९३६ साली ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ बर्लिनला गेला. १७ जुलै रोजी झालेल्या सरावाच्या सामन्यात जर्मनीने त्याचा ४-१ असा पराभव केला. सारी भिस्त आघाडीच्या फळीवर, आणि त्या फळीत ध्यानचंदांच्या शेजारची इनसाइड राइटची जागा दुबळी, हे तत्काळ ध्यानी आले. हिंदुस्थानात तार गेली. दारा ह्या खेळाडूस बोलावण्यात आले व तो उपांत्य सामन्याच्या वेळी संघात दाखल झाला. १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात त्याच जर्मनीवर भारताने ८-१ असा विजय मिळविला. अकरांपैकी एका जागेचा प्रश्न, परंतु तो सोडविण्यासाठी एका खंडातून दुसऱ्या खंडात माणूस न्यावा लागला!

बारा वर्षांनी लंडनमध्ये तोच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. अर्जेंटिनाविरुद्धच्या सामन्यात भारताने ९ गोल केले. त्यांपैकी ६ एकट्या बलबीरसिंगांचे होते. असे असूनही पुढील सामन्यांत त्यांना बाहेर बसावे लागले. काही भारतीय विद्यार्थ्यांनी हे गाऱ्हाणे थेट हायकमिशनर कृष्ण मेनन यांच्या कानांवर घातले, अशी हकीगत सांगतात. १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेंब्लेच्या मैदानावर ब्रिटनविरुद्ध अंतिम सामना झाला. त्यात बलबीरसिंग खेळले व भारताच्या ४ गोलांपैकी पहिले दोन त्यांनीच केले. प्रेक्षकांचा वाद त्या दिवशी निकालात निघाला.

हॉकीत असा वाद निकालात निघू शकतो, याचे कारण गोल डोळ्यांना दिसतो. ज्याने तो केला त्याचे नाव गुणपत्रकात चढते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. परंतु ज्या खेळात अर्धे कर्तृत्व गुणांत मोजताच येत नाही, तेथे कोणता गडी मोठा हे ठरवावयाचे कसे? असा एक खेळ आपल्या घरचाच आहे, तो म्हणजे खो-खो. आणि हा वाद ज्या भागात केवळ हौसेचा न राहता मुलामुलींच्या भवितव्याचा होऊन बसला, त्यात धाराशिव जिल्ह्याचे नाव घ्यावे लागेल.

खो-खोची रचना वरवर साधी दिसते. दोन खांब, त्यांना जोडणारी मधली पाटी, आणि पाटीवर एकाआड एक तोंडे करून बसलेले आठ गडी. नववा पाठलाग करतो. त्याने एकदा दिशा घेतली की खांबाला वळसा घातल्याशिवाय माघारी फिरता येत नाही आणि दोन खांबांमधून मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्यास मात्र कोणतेच बंधन नाही. बसलेल्या गड्यांमधून हवे तिकडे निसटण्यास तो मोकळा. म्हणून पकडणाऱ्याचे सारे बळ ‘खो’ देण्यात आहे. पळणारे तिघातिघांच्या तुकडीने आत येतात. एक तुकडी संपली की दुसरी. डाव पुरुषांचा ९ मिनिटांचा व स्त्रियांचा ७ मिनिटांचा. जितके गडी बाद तितके गुण, हा जुना व सरळ हिशेब.

वादाचे बीज ह्या हिशेबातच आहे. एखाद्या मुलीने सूर मारून तीन गडी टिपले, तर तिच्या नावावर तीन गुण पडतात. दुसरी मुलगी खांबाला लगटून, हुलकावण्या देत, साखळी खेळत साडेतीन मिनिटे नाबाद राहते. सात मिनिटांच्या डावातील निम्मा काळ तिने एकटीने गिळला. परंतु तिच्या नावापुढे गुण शून्य. तिने काय मिळविले ते प्रतिपक्षाला काय मिळाले नाही यावरून ताडावे लागते. आणि न झालेली गोष्ट मोजण्याचे माप गुणलेखकाजवळ नसते. मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडावृत्तांनी ह्यावर आपली एक तोड काढली आहे. खेळाडूच्या नावापुढे कंसात दोन आकडे द्यावयाचे: इतकी मिनिटे संरक्षण आणि इतके गडी बाद. खो-खोचा जाणता वाचक आधी ह्या कंसांकडे पाहतो, मग निकालाकडे.

ह्या खेळाला लिखित नियमांची शिस्त लागली ती विसाव्या शतकात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली नियम ठरविण्यासाठी समिती नेमली. १९२४ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आपले नियम प्रसिद्ध केले. १९३५ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाची नियमावली निघाली. पुढे १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि दुसऱ्याच वर्षी कोल्हापुरात स्त्रियांची. पुणे, मुंबई, बडोदे ही ह्या घडणीची केंद्रे. तेथे आखाडे होते, व्यायामशाळा होत्या, आणि हौसेने वेळ देणारा सुशिक्षित वर्ग होता.

धाराशिव ह्या साऱ्या घडामोडींपासून दूर होते. निजामाच्या राज्यात त्याचे नाव उस्मानाबाद झाले होते, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा त्याच राज्याचा भाग होता. मुंबई इलाख्यातील क्रीडासंस्थांचे वारे सरहद्द ओलांडून बालाघाटच्या डोंगरापर्यंत सहज पोहोचत नसे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्रात. जिल्ह्याला धाराशिव हे जुने नाव सरकारदरबारी परत मिळाले ते २०२३ साली. अर्थात संघटित खो-खोच्या पंगतीत हा जिल्हा उशिरा बसला. तरीही पुणे, ठाणे, सांगली, सातारा ह्या नामांकित जिल्ह्यांच्या बरोबरीने त्याच्या मुलींचे नाव घेतले जाऊ लागले, याची कारणे फार दूर शोधावयास नकोत. वारंवार दुष्काळ पडणाऱ्या ह्या मुलखात खर्चाच्या खेळांचे लाड कोठून परवडणार? खो-खोला लागतात ते दोन खांब, चुन्याची फक्की आणि सपाट जमीन. बाकीचे भांडवल पायांत असते.

सारिका काळे ह्यांचे चरित्र ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. धाराशिवच्या मातीत, डॉ. चंद्रजित जाधव ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचा खेळ घडला. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळविले. त्या संघाच्या त्या कर्णधार होत्या. २०२० साली त्यांस अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. खो-खोच्या वाट्यास हा पुरस्कार १९९८ नंतर प्रथमच, म्हणजे २२ वर्षांनी आला. त्या वेळी त्या तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करीत होत्या. घरात कित्येक वर्षे दिवसाकाठी एकच जेवण मिळे, असे त्यांनी त्या प्रसंगी सांगितले.

येथे ‘कोणास किती वाव द्यावा’ ह्या वादाचा खरा भार कळतो. महाराष्ट्र शासनाने आपल्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. त्या जागेचा मार्ग पदकातून जातो, पदकाचा मार्ग राज्याच्या चमूतून, आणि चमूचा मार्ग निवड समितीच्या दृष्टीतून. निवड करणाऱ्याच्या डोळ्यांत भरावयाचे तर मैदानावर वेळ मिळावा लागतो. शहरातील सुखवस्तू घरच्या मुलीला संघात जागा मिळाली नाही तर तिची एक हौस हुकते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीची जागा हुकली तर कदाचित सारे घरच एका पायरीवर अडून राहते.

म्हणूनच मैदानाच्या कडेला चालणाऱ्या ह्या वादाचे दोन्ही पक्ष नीट ऐकून घेतले पाहिजेत. पकडणाऱ्यांचे वकील म्हणतात: सामना गुणांनी जिंकला जातो. उत्तम पळणारा फार तर पराभव लांबवील. विजय आणील तो गडी टिपणाराच. खांबाजवळच्या चौकात सूर मारणारा निष्णात गडी बसविला, तर पळणाऱ्याचा खांबाचा आश्रयच नाहीसा होतो. शिवाय खो योग्य क्षणी देणे, हूल दाखवून पळणाऱ्यास चुकीच्या दिशेला घालविणे, ह्यास जी बुद्धी लागते तीस केवळ वेगाची उपमा देता येणार नाही.

पळणाऱ्यांचे वकील उत्तर देतात: पकडण्याचे काम नऊ जणांत वाटले जाते. एकाचा हात लागला, परंतु त्या गड्यास कोंडीत आणणारे चार खो दुसऱ्यांनीच दिलेले असतात. गुण मात्र शेवटच्या हाताला. पळणाऱ्याची कसोटी एकट्याची असते. त्याचे दोन सोबती बाद झाले म्हणजे नऊ जणांविरुद्ध तो एकटाच उरतो. त्याचे प्रत्येक मिनिट प्रतिपक्षाची छाती भरून आणते, आणि दमलेले तेच गडी पुढच्या डावात पळावयास येतात तेव्हा त्याची किंमत वसूल होते.

तुकड्यांच्या क्रमाचा वाद याहूनही बारीक. काही कर्णधार सर्वांत चिवट तिघांना पहिल्या तुकडीत घालतात; ताज्या दमाच्या पाठलागाला त्यांनीच तोंड द्यावे व घड्याळ पुढे ढकलावे, हा हेतू. काही कर्णधार एक भरवशाचा गडी मागे राखतात, म्हणजे पहिली तुकडी कोसळली तरी डाव सावरता येईल. पहिल्या पद्धतीत नवख्या मुलींच्या वाट्यास अखेरची थोडी मिनिटे येतात. किंबहुना डाव उत्तम चालला तर त्यांची पाळीच येत नाही. संघाचे हित साधते, पण एका खेळाडूची संधी त्याच यशाखाली गाडली जाते. ह्या पेचास सर्वमान्य उत्तर नाही.

नियमकर्त्यांनी अलीकडे त्यावर एक उपाय शोधला. अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक स्पर्धा २०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत सुरू झाली. तिच्यात ‘ड्रीम रन’ ह्या नावाने, ठरलेल्या वेळेपलीकडे टिकणाऱ्या तुकडीस थेट गुण देण्याची प्रथा आली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकातही ती होती. तेथे बाद केलेल्या गड्यास २ गुण. आणि पळणारी तुकडी ३ मिनिटे टिकली की १ गुण, पुढे दर अर्ध्या मिनिटास आणखी एक. न झालेल्या गोष्टीस प्रथमच गुणपत्रकात स्थान मिळाले.

१९ जानेवारी रोजी झालेला महिलांचा अंतिम सामना ह्या नव्या मापाने तपासून पाहावा. प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारताने नेपाळवर ७८-४० असा विजय मिळविला. भारताच्या मुलींनी पाठलागाच्या दोन डावांत ३४ व ३८, असे ७२ गुण मिळविले. पळण्याच्या दोन डावांत १ व ५, म्हणजे अवघे ६. ह्या आकड्यांवर विसंबावे तर पकडणाऱ्यांची बाजू बारा पटींनी मोठी! परंतु शेवटच्या डावात सात मिनिटांपैकी पाचांहून अधिक मिनिटे एकच तुकडी टिकून राहिली. नेपाळला आधीच्या डावात २४ गुण मिळाले होते, ते ह्या डावात १६ वर आले. जे ८ गुण प्रतिपक्षाला मिळाले नाहीत ते त्या पाच गुणांत धरलेलेच नाहीत. आणि सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्या तुकडीतील कर्नाटकच्या चैत्रा हिला मिळाला. नियमाने पाच गुण दिले. जाणत्यांच्या नजरेने त्याहून पुष्कळ अधिक दिले.

त्या विश्वविजेत्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. एका जिल्ह्यातून नऊ वर्षांच्या अंतराने प्रथम एक कर्णधार व पुढे एक विश्वविजेती निघावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

गुणपत्रक हे खेळाचे टिपण होय. ते खेळाचे चित्र नव्हे. त्यात जे उतरते ते खरे असते, परंतु सारे खरे त्यात उतरत नाही. ते उरलेले टिपण्यासाठी मैदानाच्या कडेला जाणता डोळा लागतो: पंचांचा, मार्गदर्शकाचा आणि चार पावले चालत सामना पाहण्यास आलेल्या प्रेक्षकाचाही. लंडनमधील विद्यार्थ्यांनी बलबीरसिंगांसाठी तोंड उघडले, त्यांच्या बाजूने सहा गोलांचा पुरावा होता. धाराशिवच्या मैदानावर साडेतीन मिनिटे नाबाद राहणाऱ्या मुलीच्या बाजूने असा पुरावा नसतो. तिच्यासाठी बोलावयाचे तर सामना आरंभापासून अखेरपर्यंत पाहिलेला असला पाहिजे. असा प्रेक्षक जोवर आहे तोवर वादही राहील, आणि तो राहणेच इष्ट आहे.