हमी कोणत्या कामाची?

वर्गात १९७२ चा दुष्काळ शिकवीत होतो. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे राबत होती, हे सांगितले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, हेही सांगितले. मागच्या बाकावरून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा उठला. "सर, मागितलं की काम मिळायचं? मग आम्हाला का नाही?" त्या तासाला मला उत्तर देता आले नाही.

उत्तर दुष्काळाच्या पुष्कळ मागे, मुंबईच्या गिरणीत सुरू होते. तिथे काम निघाले आणि आपली माणसे गावकी टाकून गेली. माझे आजोबाही माणदेशातून गेले, बदली कामगार म्हणून लागले आणि रिंग खात्यातच म्हातारे झाले. अस्पृश्यांना जास्त पगाराच्या साचेखात्यात पूर्वीपासून मज्जावच होता. कारण? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा स्पृश्याने कसा हाती धरायचा! वाफेचे इंजिन विलायतेहून आले, पण विटाळ घरचाच होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला, तेव्हा कामगार एकजुटीची भाषा करणाऱ्या पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. एकजूट कोणत्या खात्यात संपते, हे त्यांना कोणी विचारलेले नव्हते.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. त्या भाषणातले 'ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू' एवढे आपण पाठ केले आहे. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांचा हिशेब मांडला आहे, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अस्पृश्य गँगमन होतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. तो पोर्टर होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात. कारखान्यात तो मेकॅनिक होत नाही. म्हणजे नोकरी आहे, पण पहिल्या पायरीवरची, आणि दुसरी पायरी काढून घेतलेली. बेकारीवर बोलणारे अर्थशास्त्री किती कामे निघाली ते मोजतात. कोणती निघाली आणि कोणाच्या वाट्याला आली, हे मोजायला आपल्यालाच बसावे लागते.

आता रोजगार हमीकडे पाहू. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली तासगाव तालुक्यात प्रयोग झाला होता, त्यातून ही कल्पना वाढली. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. मी या योजनेची टिंगल करणार नाही. माझे वडील पंधराव्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडीत होते, आणि सुकडीची चव त्यांना अजून आठवते. पाटलाच्या बांधावर न जाता मस्टरवर नाव लागते, याचा अर्थ ज्याने बांधावर शिव्या खाल्ल्या त्यालाच कळतो. 'मजूर मिळेनासे झाले' अशी बागायतदारांची ओरड होती. त्या ओरडीतच योजनेचे यश होते.

पण कायद्याचे शब्द वाचा: अकुशल, अंगमेहनतीचे काम. शिकलेल्या पोराला हमी आहे, फक्त त्याने आपले शिक्षण घरी ठेवून यायचे. त्याच्यासाठी सेवायोजन कार्यालय होते. १९५९ च्या कायद्याने मोठ्या आस्थापनांवर रिकाम्या जागा कळवण्याचे बंधन घातले. तिथूनच माणूस घेण्याचे बंधन मात्र घातले नाही. सरकारी नोकरीचे दार खरे उघडले ते १९४३ साली. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखून घेतल्या. त्या दाराने आमच्या काही पिढ्या आत गेल्या. पुढे कंत्राटाची भिंत उभी राहिली. कंत्राटाला बिंदुनामावली लावायची कोणी?

आजोबा १९८२ च्या संपानंतर बोचके घेऊन गावी परतले. घरातला पहिला पदवीधर मी. आज मी तासिका तत्त्वावर शिकवतो. घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, उन्हाळ्याच्या सुट्टीचे मिळत नाहीत. मस्टर आणि हजेरीपत्रक यांत किती फरक आहे, असे वडिलांनी एकदा सहज विचारले होते.

पुढच्या तासाला हे सगळे त्या मुलाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "सर, तुमचा अर्ज कुठं कुठं टाकलाय?"