दाराआडचे स्नान

तीन वर्षांपूर्वी माझी आई न्हाणीघरात घसरून पडली. दुखापत किरकोळ होती. पण ती पडली ती नेमकी दाराला टेकून, आणि दार उघडत होते आतल्या बाजूला. बाहेरून ढकलावे तर पल्ला तिच्याच अंगावर जाणार, न ढकलावे तर आत शिरायला दुसरी वाट नाही. ऐंशीच्या घरातल्या बाईने कडी लावली नव्हती, हे त्यातल्या त्यात नशीब. वीस-पंचवीस मिनिटे आम्ही दाराच्या फटीतून तिच्याशी बोलत राहिलो आणि अखेर तिनेच हातांवर सरकत सरकत आम्हाला पाऊल ठेवण्यापुरती जागा करून दिली. नाशिकमधल्या आमच्या या फ्लॅटचे न्हाणीघर पाच फूट बाय चार फूट आहे. दार बदलायचे असे त्याच संध्याकाळी ठरले. कोणते बसवायचे, हे ठरायला मात्र पुढे चार महिने लागले. तो काळ मी मराठी घरातल्या या सर्वांत दुर्लक्षित दाराचा मागोवा घेण्यात घालवला, असे म्हटले तर घरातली मंडळी तरी नाकारणार नाहीत.

न्हाणीघराला दार असते हे आपण इतके गृहीत धरतो, की त्यालाही काही इतिहास असेल असे मनात येत नाही. परंतु नाशिकसारख्या तीर्थक्षेत्री राहणाऱ्याला थोडा विचार करताच जाणवते, की आपल्याकडे स्नान ही दाराआडची क्रिया नव्हतीच. ती नदीवर, विहिरीवर, मागच्या अंगणातल्या दगडावर, चारचौघांत होत असे. विवस्त्र स्नान करू नये असे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. 'सचैल' या शब्दातला 'चैल' म्हणजे वस्त्रच. सचैल स्नान म्हणजे अंगावरच्या वस्त्रांसह केलेले स्नान. आज आपण 'डोक्यावरून पाणी घेऊन' अशा सैल अर्थाने तो शब्द वापरतो, हा भाग निराळा. अंगावर वस्त्र असेल तर दाराची गरज स्नानाला नसते, स्नानानंतर ओले नेसण सोडून कोरडे नेसण्याला असते. रामकुंडाजवळच्या इमारतीचे नाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे: वस्त्रांतरगृह. तिथे कोणी अंघोळीसाठी जात नाही. अंघोळ बाहेर, उघड्यावर; दार फक्त वस्त्रे बदलण्यापुरते.

(जाता जाता एक आठवण. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती आणि तिच्या सख्या हौदात जलक्रीडा करतात. ओल्या लुगड्यांतले ते सगळे पुरुष आहेत. पडद्यावर स्नान दाखवता आले ते सचैल होते म्हणून, आणि ते करायला एकही बाई मिळाली नाही तीही बहुधा त्याच कारणाने.)

'न्हाणी' हा शब्द संस्कृत 'स्ना' धातूपासून प्राकृतातल्या 'ण्हाण'मार्गे आला. त्याच कुळातले 'न्हाण येणे' म्हणजे मुलगी वयात येणे. म्हणजे शब्दाच्या मुळाशीच पाणी आणि स्त्रीदेह यांची जवळीक आहे. वाड्यांत न्हाणी असे ती मागच्या चौकालगत, विहिरीच्या किंवा हौदाच्या जवळ. दगडी फरशी, तांब्याचा बंब, घंगाळ, कोपऱ्यात पाणी जायला वाट. पुरुष बहुधा नदीवर वा विहिरीवर अंग धुऊन मोकळे होत. न्हाणीचा उपयोग प्रामुख्याने बायका, मुले, म्हातारी माणसे आणि आजारी यांना. तिचे दार असलेच तर दुपाखी, लाकडाच्या खुंटीवर फिरणारे आणि इतके बुटके की आत जाताना वाकावेच लागे. ही दोन पाखांची रचना लक्षात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

स्नानाभोवती सोवळ्याचे केवढे कुंपण असे, हे पाहायचे तर लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' उघडावे. त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने घरातल्या माणसांची कशी दैना होई, ते त्यांनी हसत हसत सांगितले आहे. या आत्मकथेत पाणी पानोपानी आहे. मात्र ते शुद्धीचे पाणी आहे. एकांत हा त्या घरांचा प्रश्नच नव्हता. कोण कोणाला शिवला हा प्रश्न होता. कोण कोणाला दिसला हा नव्हे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. सोवळ्याला दार लागत नाही, अंतर लागते.

शौचकूपाचे दार हा याच घरांचा दुसरा, अधिक काळा अध्याय. तो न्हाणीपासून दूर, परसाच्या टोकाला असे आणि त्याला बहुधा दोन दारे असत. पुढचे घरच्या माणसांसाठी. मागचे, गल्लीकडचे, जेमतेम टोपली किंवा डबा ओढता येईल एवढे. ते ज्या माणसासाठी असे, त्याने पुढच्या दाराशी यायचे नसे. आपल्या जुन्या घरांच्या रम्य आठवणींत हे मागचे दार सहसा येत नाही. ज्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या बंद दारांपुढे सत्याग्रह सुरू झाला आणि १९३५ पर्यंत चालला, त्या गावात दारांचा इतिहास लिहिताना तरी ते वगळता येणार नाही. एक मोठे दार मिटून घेतले होते आणि एक क्षुद्र दार त्याच माणसांसाठी रोज पहाटे उघडे ठेवले जात होते. अप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात संडासाच्या रचनेवर आयुष्याची कितीतरी वर्षे घालवली ती हे मागचे दारच नाहीसे करण्यासाठी. कायद्याने मैला वाहण्याच्या प्रथेवर बंदी आणली ती १९९३ साली, आणि तोही कायदा अपुरा ठरल्याने २०१३ साली नवा करावा लागला.

चाळीने न्हाणी घरात आणली आणि तिचे दार काढून घेतले. मुंबईत १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामायिक आणि खोलीच्या एका कोपऱ्यात मोरी. वीतभर उंचीचा कट्टा, उतरती फरशी, भिंतीतून बाहेर जाणारी नळी. भांडी तिथेच, कपडे तिथेच, अंघोळही तिथेच. नाशिकच्या वाड्यांतही एकेका सोप्यात एकेक बिऱ्हाड आले, तेव्हा ओसरीच्या कोपऱ्यात अशाच मोऱ्या बांधल्या गेल्या. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडी गोठली, मालकांचा हात आखडला आणि या तात्पुरत्या मोऱ्या दोन-दोन पिढ्या टिकल्या.

मोरीला दार नव्हते. मग बायका अंघोळ कशा करीत? याचे उत्तर बांधकामात नाही, वेळापत्रकात आहे. पुरुष कामावर गेले, मुले शाळेत गेली, की खोलीचेच दार लावून घ्यायचे. किंवा सगळे उठायच्या आत. किंवा दोन खिळ्यांमध्ये जुने लुगडे ताणायचे आणि घरातल्या पुरुषांनी गॅलरीत जाऊन वर्तमानपत्र उघडायचे. परतताना त्यांनी उंबऱ्याशी खाकरायचे. खाकरणे हे त्या घरातले दार होते. बाई आजारी असेल, बाळंतीण असेल, घरात पाहुणे असतील, तर हे नाजूक वेळापत्रक कोलमडे आणि अंघोळच टळे. चाळीचे वाङ्मय आपल्याकडे विपुल आहे. 'बटाट्याची चाळ'पासून (१९५८) पुढे नळावरची भांडणे, संडासापुढची रांग, गॅलरीतले प्रेम हे सारे त्यात आले; पण मोरीवरचा तो पडदा मला त्यात फारसा भेटलेला नाही. लिहिणारे बहुधा त्या वेळी गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते.

सातपूर आणि पुढे अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिक वाढले. सिडकोने नवीन नाशिकमध्ये सहा योजनांतून हजारो छोटी घरे बांधली, आणि कामगार, कारकून, शिक्षक अशा कितीतरी कुटुंबांना स्वतःचे असे चार भिंतींचे, दार असलेले न्हाणीघर मिळाले ते या काळात. या दाराचे मोल त्या पिढीतल्या बायकांना विचारावे. माझी आई सांगते, नव्या घरात आल्यावर पहिले काही दिवस ती उगीचच जास्त वेळ आत बसे. पाणी संपलेले असे, तरी बसे.

पण हे दार आले ते इंग्रजी पद्धतीचे: एकपाखी, बिजागरीवर आत उघडणारे. मोठ्या खोलीला ते शोभते. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे न्हाणीघराचे किमान क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर, म्हणजे साधारण १९ चौरस फूट. अडीच फुटी पल्ला काटकोनात उघडताना वर्तुळाचा जो चतकोर फिरतो, त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ ५ चौरस फूट भरते. म्हणजे न्हाणीघराचा चौथा हिस्सा केवळ दाराच्या फिरण्याला द्यायचा. तिथे बादली ठेवायची नाही, तिथे पडायचे तर नाहीच. हाच पल्ला मधोमध चिरून दुपाखी केला, तर दोन्ही पाखांना मिळून अडीच चौरस फूट पुरतात. वाड्याच्या सुताराला हे गणित कोणी शिकवले नव्हते. त्याने पाखे दोन केली ती कदाचित जड सागवानी फळी एका खुंटीवर पेलवेना म्हणून असेल. कारण काहीही असो, आपण ती रचना टाकून दिली आणि मग जागा पुरत नाही म्हणून हळहळत बसलो.

बाजाराने याला दिलेले उत्तर सर्वांच्या परिचयाचे आहे. लाकडी दार पाण्याने खालून कुजते म्हणून आधी त्याला आतून अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकला गेला, मग पीव्हीसीचे पोकळ दार आले, मग फायबरचे, आणि मग पट्ट्यापट्ट्यांचे घडीचे दार. घडीच्या दाराकडे पाहून मला चॅनेल गेट आठवते, आणि सरकत्या दाराकडे पाहून भांडी बाजारातली जुनी दुकाने. तिथे रात्री उंबऱ्याच्या खाचेत एकेक उभी फळी सरकवून दुकान बंद करीत. फळ्यांवर क्रमांक घातलेले असत, कारण एक जरी चुकली तरी शेवटची बसत नसे. जागा न खाणारे दार ही आपल्याला परकी कल्पना नव्हती. ती दुकानापुरती राहिली, घरात शिरली नाही.

ही सगळी दारे मी चार महिन्यांत पाहिली. घडीचे दार जागा फार वाचवते, पण त्याच्या पट्ट्यांमधले सांधे काही वर्षांत फाटतात, वरची पट्टी साबणाच्या मळाने अडते आणि आतला प्रत्येक आवाज बाहेर येतो. मोरीवरच्या पडद्यापेक्षा ते एक पायरी वर, इतकेच. सरकते दार उत्तम. पण ते सरकायला बाजूला दाराएवढीच मोकळी भिंत हवी, आणि आमच्याकडे तिथे विजेची बटणे होती. भिंतीच्या पोटात सरकवावे तर भिंत चार इंची. मला दुपाखी हवे होते. सुताराने ऐकून घेतले आणि नम्रपणे सांगितले, "सर, दोन पाखांच्या मधल्या फटीतून पाणी बाहेर येणार." वाड्याच्या न्हाणीपुढे दगडी चौक होता, आमच्या न्हाणीपुढे दिवाण आहे.

शेवटी जुन्याच मापाचे फायबरचे दार बसवले, पण बाहेर उघडणारे. बिजागऱ्या बाहेरून काढता येतील अशा, आणि कडीऐवजी बाहेरून नाण्याने फिरवता येणारी खिटी. चौकट उलटी लावावी लागली, दोन फरशा फुटल्या. त्यामुळे न्हाणीघरात पाच चौरस फूट वाढले आणि बोळातले तेवढेच गेले. तिथून जाणाऱ्याच्या नाकावर दार आपटण्याची शक्यता राहते, हा दोष मी आईला आधीच सांगून ठेवला होता. तिला त्यात काही अवघड वाटले नाही. आता अंघोळ आटोपली की दार लोटण्यापूर्वी ती आतून खाकरते.