उचल आणि बचत

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी, अंबड, मंठा भागात दिवाळीच्या सुमारास 'उचल' हा शब्द घरोघरी असतो. ऊसतोडीला यायचं कबूल करून मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे उचल. पैसे उचलले की पाठोपाठ बिऱ्हाडही उचलावं लागतं. हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'; बाईची मजुरी त्यात वेगळी दिसतच नाही.

त्याच गावांत बायांच्या तोंडी दुसरा शब्द आहे, बचत. हा हिंदीतून आलेला; त्याचा मराठी सख्खा भाऊ 'वाचणे'. जीव वाचतो, पैसे वाचतात, ते वाचणे. (पुस्तक वाचणे निराळं, ते 'वच्' म्हणजे बोलणे या धातूचं.) या वाचण्याचं मूळ 'वञ्च्' धातूत सांगतात. अर्थ निसटणे, चुकवणे, आणि त्यातूनच फसवणे. म्हणजे फसवली गेलेली 'वंचित' आणि तावडीतून सुटून 'वाचलेली', दोघी एकाच धातूच्या लेकी! हे कळल्यापासून 'बचत गट' हा शब्द मला नुसता सरकारी वाटत नाही.

'सावकार'ही मूळचा भला माणूस. साधु, साहु, साव. चोर नव्हे तो साव. पुढे व्याजानं त्या शब्दाची अब्रू घालवली. गटाच्या बैठकीत सतरंजीवर बाया गोल बसतात, मधोमध वही. कुणाच्या बियाण्याला, कुणाच्या शेळीला किती द्यायचे, ते सगळ्यांदेखत ठरतं आणि व्याज गटातच राहतं. जुन्या अर्थाच्या साव याच.

असे गट बांधणाऱ्या, २०११ मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं नाव 'उमेद'. फारसीत उमेद म्हणजे आशा. मराठीनं तिला अंगातलं बळ केलं. आशा मावळते, पण उमेद खचते, आणि धरताही येते.

तिकडे आफ्रिकेत, नायजरच्या मारादी भागात १९९१ पासून बायकांनी असेच गट बांधले. पैशांच्या पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे. हौसा भाषेतलं नाव 'माता मासू दुबारा'. आपल्या कानाला त्यात आई आणि 'पुन्हा' ऐकू येतं, पण तिथे 'माता' म्हणजे बायका आणि 'दुबारा' म्हणजे युक्ती. हिकमती बाया!

गटातून घेतलेल्या पैशाला कुणी 'उचल' म्हटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. "गटातून घेतले," एवढंच म्हणतात.