लकव्यानंतर हाताचा ताळमेळ: व्हिडिओ गेमने तो कसा मोजतात?

घरातल्या बुजुर्गाला लकवा मारला की सुरुवातीचे दिवस जीव वाचवण्यात जातात. घरी आल्यावर खरे प्रश्न सुरू होतात. वजूचं पाणी ओंजळीत धरता येईल का? घास तोंडापर्यंत नेता येईल का? यासाठी नुसती ताकद पुरत नाही. खांदा, कोपर, मनगट आणि बोटं योग्य क्रमाने, योग्य वेळी हलावी लागतात. यालाच हालचालींचा ताळमेळ म्हणजे कोऑर्डिनेशन म्हणतात. तो मोजण्यासाठी आता व्यायामाचे व्हिडिओ गेम, म्हणजे एक्सरगेमही वापरले जातात. ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे आम्ही इथे थोडक्यात देत आहोत.

नेहमीची तपासणी

स्वीडनमध्ये तयार झालेली आणि १९७५ साली प्रसिद्ध झालेली फुगल-मेयर चाचणी आजही जगभर वापरली जाते. त्यात हाताच्या हालचालींना एकूण ६६ गुण असतात. ताळमेळ पाहताना रुग्णाला डोळे मिटून, बोट गुडघ्यावरून नाकाला पाच वेळा लावायला सांगतात. हात थरथरतो का, नेम चुकतो का आणि चांगल्या हातापेक्षा किती जास्त वेळ लागतो, हे बघतात. सहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर शून्य, दोन ते पाच सेकंदांना एक आणि त्याहून कमी असेल तर दोन गुण.

अडचण इथेच आहे. आधी बारा सेकंद जास्त लागत होते आणि आता सात लागतात, तरी गुण शून्यच राहतो. रुग्ण सुधारतोय, पण कागदावर ते दिसत नाही.

गेम काय मोजतो?

मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट कॅमेरा २०१० मध्ये बाजारात आला. हातात काही न धरता तो शरीरातले २० बिंदू ओळखायचा, पुढच्या आवृत्तीत २५. सेकंदाला साधारण ३० वेळा तो खांदा, कोपर, मनगट कुठे आहे हे नोंदवतो. निन्टेंडोच्या वी बॅलन्स बोर्डमध्ये चार कोपऱ्यांना वजनाचे सेन्सर असतात. उभं राहताना भार कोणत्या पायावर जास्त पडतो, ते त्यातून कळतं.

या नोंदींतून तीन गोष्टी काढता येतात:

- हात सरळ गेला की वाकडातिकडा?
- वेग एकदाच वाढून कमी झाला, की हात थांबत-थांबत, झटक्याने गेला?
- हात लांब करताना पाठ पुढे झुकली का, खांदा वर उचलला का?

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. हात पुरत नसला की रुग्ण नकळत सगळं अंग पुढे नेतो. वस्तू हातात येते, पण हात सुधारलेला नसतो.

स्कोअर म्हणजे सुधारणा नव्हे

वीच्या टेनिसमध्ये नुसतं मनगट झटकलं तरी चेंडू मारला जातो. म्हणून स्क्रीनवरचे गुण वाढले यावर खूश होऊन फिजिओथेरपी बंद करू नये. कॅमेऱ्याला बोटांची बारीक हालचाल नीट दिसत नाही. बुरखा, ओढणी किंवा ढगळ कुर्त्यामुळेही तो चुकतो. बाही आवरून घ्यावी लागेल, म्हणून महिला रुग्णांसाठी महिला फिजिओथेरपिस्ट मागून घ्यावी.

२०१६ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत एक मोठा अभ्यास आला. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमधले १४१ रुग्ण त्यात होते. एका गटाला वी गेम दिले, दुसऱ्याला पत्ते, बिंगो, चेंडूचे साधे खेळ. नेहमीचे उपचार दोघांनाही चालू होते. दोन्ही गट सुधारले, पण हाताच्या कामात वीचा गट पुढे गेला नाही. ही सुधारणाही गेमच्या स्कोअरवरून ठरवली नव्हती, त्यासाठी वेगळी चाचणी घेतली होती.

घरच्यांनी काय करावं?

- महागडं मशीन घेण्याची घाई करू नका. कायनेक्टचं उत्पादन तर २०१७ मध्येच बंद झालं.
- आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, त्याच खुर्चीवर बसवून प्लास्टिकचा ग्लास दहा वेळा उचलून ठेवायला सांगा. किती सेकंद लागले आणि पाठ खुर्चीपासून सुटली का, ते वहीत लिहा. ही वही फिजिओथेरपिस्टला दाखवा.
- तस्बीहचे मणी दुखऱ्या हाताने एकेक करून सरकवू द्या. अंगठा आणि बोटांचा तो चांगला सराव आहे.
- उभ्याने खेळताना शेजारी कुणीतरी हवंच. चक्कर आली किंवा खांदा दुखला तर लगेच थांबा.
- सजद्याची घाई नको. दीनने आजाऱ्याला बसून, तेही जमत नसेल तर पडून नमाज अदा करण्याची सवलत दिली आहे.

फिजिओथेरपिस्टने गेमवर तपासणी केली, तर "स्कोअर किती आला?" एवढंच विचारू नका. "हात कसा गेला?" हेही विचारा. पुढचा व्यायाम त्यावरच ठरतो.